शब्दांच्या मुळाशी

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव नावाचे एक लहानसे स्थानक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या स्थानकाजवळच्या एका वसाहतीत छापखान्याचे यंत्र चालत असे. त्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या स्त्रिया होत्या, मुद्रिते तपासणाऱ्या स्त्रिया होत्या, आणि छापलेले कागद दुमडून त्यांची पुस्तके बांधणाऱ्याही स्त्रियाच होत्या. त्यांपैकी कित्येकींना काही वर्षांपूर्वी अक्षरओळखसुद्धा नव्हती. दुष्काळाने, वैधव्याने किंवा घरच्यांच्या निष्ठुरपणाने त्या निराधार झाल्या होत्या. आता त्यांच्या हातून एक मोठा ग्रंथ अक्षर अक्षर जुळून तयार होत होता. त्या ग्रंथाचे हस्तलिखित त्यांच्याकडे पाठविणारी विदुषी जवळच्याच एका खोलीत कोश आणि व्याकरणे यांच्या राशीत बसलेली असे. अंगावर साधे पांढरे लुगडे, आखूड कापलेले केस, ऐकू कमी येणारे कान, परंतु शब्दांच्या बाबतीत अत्यंत जागरूक बुद्धी अशी ती विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळ या अरण्यप्रदेशात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित होते. विद्यार्थिदशेत त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. एका स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत ऐकून अनंतशास्त्रींना आश्चर्य वाटले, आणि आपल्या पत्नीलाही ही विद्या द्यावी असे त्यांनी ठरविले. त्या काळी स्त्रीने संस्कृत शिकणे समाजाला मान्य नव्हते. नातलगांचा आणि शास्त्रीमंडळींचा विरोध झाला. तरीही अनंतशास्त्री डगमगले नाहीत. त्यांनी गाव सोडले, अरण्यात आश्रम बांधला आणि आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले.

पुढे लक्ष्मीबाईंनी तीच विद्या आपल्या धाकट्या मुलीला दिली. घरकामातून दिवसा सवड मिळत नसे. म्हणून पहाटे, पक्ष्यांची किलबिल सुरू होण्याच्या वेळी, आई मुलीला प्रेमाने जागे करी आणि श्लोक म्हणून दाखवी. मुलगी ते ऐकून पाठ करी. हातात पुस्तक येण्यापूर्वीच रमाबाईंच्या जिभेवर संस्कृत रुळले. शब्द कानाने नेमका टिपावा, त्याचा उच्चार चुकू देऊ नये, त्याचा अर्थ समजल्याशिवाय पुढे जाऊ नये, ही सवय त्यांना या पहाटेच्या पाठांतून लागली.

डोंगरे कुटुंब तीर्थयात्रा करीत गावोगाव हिंडे. देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगावे आणि मिळेल त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. या भ्रमंतीत रमाबाई कानडी, हिंदुस्थानी आणि पुढे बंगाली या भाषाही शिकल्या. परंतु दक्षिणेत दुष्काळ पडला आणि या कुटुंबाची दैना झाली. जवळचे सारे संपले. कधी रानातला पाला खाऊन दिवस काढावे लागले. 1874 साली वडील गेले, त्यांच्या पाठोपाठ आई गेली आणि थोड्याच काळाने थोरली बहीणही गेली. मागे राहिले रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास. ही भावंडे पायी चालत राहिली. दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत सुमारे 4,000 मैलांची वाट तुडवून 1878 साली ती कलकत्त्यास पोहोचली.

वीस वर्षांची एक अविवाहित मुलगी अस्खलित संस्कृतात बोलते, हे पाहून कलकत्त्याचे विद्वान थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्या दिवसापासून ‘पंडिता’ हा शब्द रमाबाईंच्या नावाला कायमचा जोडला गेला.

पदवी मिळाली, पण या पदवीने रमाबाईंच्या मनातले प्रश्न वाढले. ब्राह्मसमाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची एक प्रत भेट दिली आणि तुम्ही वेद वाचले आहेत काय, असे विचारले. स्त्रियांना वेदाचा अधिकार नाही, असेच रमाबाई लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. इतकी वर्षे ज्या ग्रंथांच्या नावाने आज्ञा सांगितल्या जात होत्या, ते ग्रंथ आपण स्वतः पाहिलेलेच नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्या वेद, उपनिषदे आणि धर्मशास्त्रे वाचू लागल्या. दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थावर विसंबून राहू नये, मूळ वचन स्वतः पाहावे, हा त्यांचा बाणा येथून पुढे कायम राहिला.

मूळ वचन पाहण्याने काय साधते, याचे एक उदाहरण रमाबाईंनी 1887 साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात दिले आहे. सतीच्या चालीला ऋग्वेदाचा आधार आहे असे सांगितले जात असे, आणि त्यासाठी एक ऋचा दाखविली जाई. एकोणिसाव्या शतकातील संशोधकांनी जुन्या पोथ्यांशी ती ताडून पाहिली. तेव्हा असे आढळले की मूळ ऋचेत ‘अग्रे’ म्हणजे ‘प्रथम, पुढे’ हा शब्द आहे; तेथे ‘अग्नी’ हा अर्थ देणारा शब्द घातला गेला होता. सुवासिनींनी पुढे व्हावे असे सांगणारे ते वचन या एका फरकाने स्त्रीला चितेकडे नेणारे झाले! मुलांनो, शब्दाच्या मुळाशी जाणे हा केवळ पंडितांच्या करमणुकीचा विषय नाही, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल. एका अक्षराच्या फेरबदलावर माणसाचे जगणे आणि मरणे अवलंबून असू शकते.

कलकत्त्यानंतरची वर्षे रमाबाईंना फार कठीण गेली. 1880 साली बंधू श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. दोघांच्या जाती वेगळ्या होत्या. म्हणून त्या विवाहालाही लोकांनी नावे ठेवली. पुढच्या वर्षी कन्या मनोरमा जन्मास आली आणि 1882 च्या आरंभी पटकीच्या साथीत बिपिनबाबूंचे निधन झाले. आसामातील सिलचर येथे ही मंडळी राहत असताना पतीच्या पुस्तकसंग्रहात रमाबाईंना एक छोटी पुस्तिका सापडली होती. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाचे ते बंगाली भाषांतर होते. बायबलचा एक भाग त्यांनी आवडीने वाचला तो असा, बंगालीतून.

लहानग्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. 1882 साली त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि स्त्रीशिक्षणाचा कैवार घेतला. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे या हेतूने 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. परंतु कमी ऐकू येण्यामुळे तो बेत सोडावा लागला. तेथे वाँटेज या गावी त्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहत होत्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. त्यानंतर चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या स्वतः शिकल्या आणि तेथे त्यांनी संस्कृतही शिकविले.

रमाबाईंच्या धर्मांतराने महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. इकडे इंग्लंडातही त्यांचे गुरुजन निश्चिंत नव्हते. ही नवी शिष्या प्रत्येक मत स्वतः तपासून पाही आणि पटले नाही तर तसे स्पष्ट सांगे. आश्रमातील क्रूसावर लॅटिन शब्द कोरलेले होते. रमाबाईंनी त्याला हरकत घेतली. लॅटिन ही आपली भाषा नव्हे आणि बायबलची मूळ भाषाही ती नव्हे. मग भारतीय स्त्रीने ती का मिरवावी, तिच्यासाठी संस्कृत शब्द का नसावेत, असा त्यांचा रोख होता. एका पुरोहितवर्गाचे जोखड दूर सारल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड मानेवर घेण्याची त्यांची तयारी नव्हती. ज्या ग्रंथावर आपण श्रद्धा ठेवली, तोही आपण आपल्या डोळ्यांनी वाचू, असे त्यांचे म्हणणे होते.

1886 साली आपल्या दूरच्या नातलग डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे व्याख्याने देऊन त्यांनी भारतातील विधवांच्या शिक्षणासाठी साहाय्य मिळविले आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ ही संस्था सुरू केली. पुढच्याच वर्षी ती पुण्यास नेण्यात आली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई या याच संस्थेच्या विद्यार्थिनी होत. 1896 च्या सुमारास मध्य भारतात भयंकर दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावलेल्या रमाबाईंना स्वस्थ बसवेना. त्या दुष्काळी मुलुखात गेल्या आणि शेकडो अनाथ स्त्रिया व मुली घेऊन केडगावास आल्या. तेथे ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. काही वर्षांतच तेथील आश्रितांची संख्या दीड हजारांच्या वर गेली.

या स्त्रियांना शेती, विणकाम, स्वयंपाक, छपाई असे नाना उद्योग शिकविले जात. त्यांना वाचायलाही शिकविले जाई. परंतु बायबल हाती दिले की त्यांची गाडी अडे. मराठीत बायबलचे भाषांतर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच झाले होते. तथापि त्याची भाषा रमाबाईंना संस्कृत शब्दांनी जड झालेली वाटे. नुकतीच अक्षरे लावू लागलेल्या खेडुत स्त्रीला त्या शब्दांचा अर्थ लागत नसे. शिवाय हिंदू तत्त्वज्ञानातून घेतलेले शब्द आपले जुने अर्थ बरोबर घेऊन येत, आणि मूळ लेखकाला जे म्हणायचे असेल ते बाजूला राही. आपणच मूळ ग्रंथावरून नवे भाषांतर करावे, असे रमाबाईंनी मनाशी ठरविले. त्या वेळी त्यांचे वय पंचेचाळिसाच्या पुढे गेले होते.

हे काम किती कठीण होते हे समजण्यासाठी बायबलविषयी थोडी माहिती हवी. ‘बायबल’ हे नाव ‘पुस्तके’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आले आहे. आणि खरोखरच तो एक ग्रंथ नसून अनेक लहानमोठ्या पुस्तकांचा संग्रह आहे. त्याचे दोन भाग आहेत. ‘जुना करार’ हा भाग ज्यू लोकांच्या प्राचीन हिब्रू भाषेत आहे. त्यातील थोडा मजकूर अरामी भाषेत आहे. ‘नवा करार’ ग्रीक भाषेत आहे. म्हणजे संपूर्ण बायबल मुळातून वाचायचे तर हिब्रू आणि ग्रीक या दोन्ही भाषांवर प्रभुत्व हवे.

ग्रीक ही संस्कृतची दूरची बहीण आहे. संस्कृतातील ‘पितृ’ म्हणजे ग्रीकमधील ‘पातेर’, ‘मातृ’ म्हणजे ‘मेतेर’, ‘नाम’ म्हणजे ‘ओनोमा’, ‘सप्त’ म्हणजे ‘हेप्ता’. विभक्ती आणि क्रियापदांची रूपे यांचा पसाराही संस्कृत जाणणाऱ्याला परका वाटत नाही. हिब्रूचे मात्र तसे नाही. तिचे कुळ वेगळे. ती अरबीची आप्त. ती उजवीकडून डावीकडे लिहितात. प्राचीन काळी तिच्यात मुख्यतः व्यंजनेच लिहीत. स्वरांच्या खुणा पुष्कळ शतकांनंतर विद्वानांनी घातल्या.

तरीही संस्कृत व्याकरण शिकलेल्या माणसाला हिब्रूत एक ओळखीची वाट सापडते. संस्कृतात ‘कृ’ या एका धातूपासून कर्ता, कर्म, कार्य असे शब्द निघतात. हिब्रूतही बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळापासून निघतात. ‘म-ल-क’ हे मूळ घ्या. ‘मेलेख’ म्हणजे राजा, ‘मल्का’ म्हणजे राणी आणि ‘मल्खूत’ म्हणजे राज्य. यात ‘क’ काही ठिकाणी ‘ख’सारखा उच्चारला जातो, एवढेच. गंमत अशी की हेच मूळ अरबीतही आहे आणि अरबीतून ते आपल्या घरी येऊन बसले आहे. आपले ‘मालक’ आणि ‘मुलूख’ हे शब्द त्याच मुळाचे. ‘शांती’ या अर्थाचा हिब्रू शब्द ‘शालोम’ आणि आपण म्हणतो तो ‘सलाम’ हेही सख्खे भाऊ आहेत. ‘शालोम’चा मूळ अर्थ केवळ भांडण नसणे एवढाच नाही. काही न फुटता, न उणावता सारे पूर्ण आणि सुखरूप असणे, असा तो अर्थ आहे. आपल्या ‘सलामत’ या शब्दात त्याची छटा आजही टिकून आहे.

नावांचेही तसेच आहे. येशूचे जन्मगाव ‘बेथलेहेम’. नुसते ऐकले तर ते एक गावाचे नाव वाटते. हिब्रूत त्याचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा होतो. पहिल्या मानवाचे नाव ‘आदाम’, आणि जमिनीला हिब्रूत म्हणतात ‘अदामा’. मातीपासून घडलेल्या माणसाची ही कथा मूळ भाषेत वाचणाऱ्याला माणूस आणि माती यांचे नाते शब्दांतच ऐकू येते. भाषांतरात हा नाद हरवतो.

नाद हरवला तरी अर्थ सांभाळता येतो. परंतु काही शब्द भाषांतरकाराला मोठ्या पेचात पाडतात. हिब्रूतील ‘रूआख’ आणि ग्रीकमधील ‘प्नेउमा’ हे असे शब्द आहेत. वारा, श्वास आणि आत्मा हे तिन्ही अर्थ त्या एकेका शब्दात आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात एकाच वाक्यात ‘प्नेउमा’ हा शब्द आधी वाऱ्यासाठी येतो आणि लगेच आत्म्यासाठी येतो. वारा दिसत नाही, पण जाणवतो. तसाच आत्मा, असे तेथे सुचवायचे आहे. मराठीत दोन वेगळे शब्द घातले की हा दुवा तुटतो, आणि एकच शब्द घातला तर अर्थाचा घोटाळा होतो. आपल्याकडेही अंगात वारे आले असे म्हणतात, त्या वेळी ‘वारे’ म्हणजे केवळ हवा नसते. भाषांतरकाराला अशा घरच्या बोलीचा कोपरा न् कोपरा ठाऊक असावा लागतो.

‘नेफेश’ हा दुसरा हिब्रू शब्द पाहा. त्याचा अर्थ श्वास, प्राण, जिवंत प्राणी असा आहे. पुष्कळदा त्याचे भाषांतर ‘आत्मा’ असे करतात. पण ‘आत्मा’ म्हणताच मराठी वाचकाच्या मनात शस्त्रांनी न तुटणारा, अग्नीने न जळणारा गीतेतील आत्मा उभा राहतो. हिब्रू ‘नेफेश’ला भूक लागते, तहान लागते, आणि त्याला मरणही येते. अशा ठिकाणी खेडुत स्त्रीच्या तोंडचा साधा ‘जीव’ हा शब्द पंडितांच्या ‘आत्म्या’पेक्षा मुळाच्या अधिक जवळ जातो. जीव भुकेला होतो, जीव तहानेने व्याकूळ होतो, जीव जातो. हे सारे आपण रोज बोलतोच.

आणखी एक शब्द सांगतो. पहिल्या स्त्रीच्या निर्मितीची कथा सांगताना मूळ ग्रंथात तिच्यासाठी ‘एझेर’ हा शब्द आला आहे. त्याचा अर्थ साहाय्य करणारी. कोणी म्हणेल, साहाय्य करणारी म्हणजे हाताखालची. पण जुन्या करारात हाच शब्द संकटात धावून येणाऱ्या ईश्वरासाठीही पुष्कळदा वापरलेला आहे. ज्या शब्दाने ईश्वराचे साहाय्य सांगितले, त्याच शब्दाने स्त्रीचे स्थान सांगितले असेल, तर त्यात कमीपणा कोठून येणार? मूळ शब्द ठाऊक नसता तर हा प्रश्न विचारताच आला नसता.

अशा शब्दांच्या रानातून रमाबाईंनी सुमारे अठरा वर्षे वाट काढली. सकाळी उठून भाषांतराला बसावे, मग संस्थेतील आजारी बायकांची विचारपूस करावी, धान्याचा हिशेब पाहावा, पत्रांना उत्तरे द्यावीत आणि पुन्हा कोशाकडे वळावे, अशा दगदगीत हे काम चालत असे. एका शब्दासाठी हिब्रू कोश उघडायचा, तो शब्द ग्रंथात अन्यत्र कोठे कोठे आला आहे ते पाहायचे, मागच्या भाषांतरकारांनी काय केले ते ताडायचे आणि मग मराठीत साधा शब्द शोधायचा, असे हे काम असते. रमाबाईंनी हिब्रू भाषेचे व्याकरणही मराठीतून लिहिले. आपल्यानंतर येणाऱ्या मराठी वाचकाला मुळापर्यंत जाण्याची शिडी मिळावी, अशी त्यामागील दृष्टी होती.

या उद्योगातील खरी कसोटी वेगळीच होती. ज्या संस्कृतने रमाबाईंना ‘पंडिता’ केले, त्याच संस्कृतचे भारदस्त शब्द त्यांना येथे जाणूनबुजून बाजूला ठेवावे लागत होते. एखाद्या हिब्रू शब्दासाठी त्यांच्या जिभेवर चार संस्कृत प्रतिशब्द सहज येत असतील. परंतु वाचणारी कोण आहे, हे त्या विसरल्या नाहीत. पहाटेच्या अंधारात आईने जी विद्या त्यांना दिली, ती मिळण्याचे भाग्य केडगावच्या बायकांना लाभले नव्हते. त्यांना समजेल असे लिहायचे तर विद्येचा डौल सोडणे भाग होते. विद्वत्ता मिळविण्यापेक्षा मिळविलेली विद्वत्ता आवरून धरणे अवघड असते; रमाबाईंनी ते केले.

या भाषांतराचे दोषही सांगितले पाहिजेत. मूळ शब्दाला धरून राहण्याच्या आग्रहामुळे त्यातील मराठी वाक्ये काही ठिकाणी ताठर वाटतात आणि वाचताना ठेच लागते. बायबल सोसायटीचे भाषांतर ख्रिस्ती समाजात अधिक रूढ राहिले. परंतु हिब्रू आणि ग्रीक शिकून, शब्दाशब्दाची चौकशी करून एका भारतीय स्त्रीने संपूर्ण बायबल आपल्या मातृभाषेत आणले आणि ते स्त्रियांच्याच हातांनी छापले गेले, ही घटना असामान्य आहे, यात शंका नाही.

काम संपत आले तेव्हा रमाबाईंवर शेवटचा आणि सर्वांत मोठा आघात झाला. एकुलती एक कन्या मनोरमा ही आईचा उजवा हात होती. संस्थेचा भार तीच पुढे वाहील, अशी सर्वांची अपेक्षा होती. 24 जुलै 1921 रोजी ती आईच्या आधी निघून गेली. रमाबाई त्या वेळी त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि त्यांची प्रकृतीही ढासळली होती. दुःखाने हात गळून पडावेत अशी ती वेळ होती. पण छापखान्यातून मुद्रिते येत होती आणि ती तपासून द्यावयाची होती. अखेरचे ते कागद पूर्ण होईपर्यंत आयुष्य मिळावे, एवढीच त्यांची प्रार्थना होती.

ते काम त्यांनी हातावेगळे केले. 5 एप्रिल 1922 रोजी झोपेतच त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या पश्चात केडगावच्या छापखान्यातून संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला. 1989 साली भारत सरकारने रमाबाईंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

ज्या वचनांवर आपले जीवन उभे आहे, त्यांचे मूळ रूप पाहण्याचा अधिकार स्त्रीला नाही, असे ज्या काळात सांगितले जात होते, त्या काळात रमाबाई जन्मल्या. वेद असोत की बायबल, त्यांनी तो अधिकार कोणाकडे मागितला नाही. भाषा शिकून तो मिळविला. आणि मिळालेला अर्थ आपल्यापाशी न ठेवता, नुकतीच अक्षरे लावू लागलेल्या एखाद्या अनाथ मुलीच्या हाती तो साध्या मराठीत दिला.